चालता-पळताना छातीत धडधड होते? खेड्यात राहून व्यायाम कसा चालू ठेवायचा

चालताना छातीत धडधड होते म्हटलं की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "काही नाही होत बे, गॅस असन" आणि दुसरं "आता घरीच बस, फिरणं-बिरणं बंद". दोन्ही उत्तरं देणाऱ्याने तुमच्या नाडीला हात लावलेला नसतो. मी विदर्भात तालुक्याच्या शाळेत पीटी शिकवतो, डॉक्टर नाही, पण मला स्वतःला जास्तीच्या ठोक्यांचा त्रास आहे आणि ग्राउंडवर पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे रोज समोर असतात, त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारून-विचारून, तपासण्या करून घेऊन शिकावं लागलं. ज्यांना हे आत्ताच सुरू झालंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो.

आधी हे बघा, मग बूट घाला

खालच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर व्यायाम आजपासून बंद, तपासणी होईपर्यंत. पळता-पळता किंवा जोराचं काम चालू असतानाच चक्कर येऊन पडलात, शुद्ध गेली. धडधडीसोबत छातीत दाब आला, हात किंवा जबडा दुखला, घाम सुटला. आधी जेवढं चालून दम लागत नव्हता तेवढ्यात आता लागायला लागला, पायावर सूज येते. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल.

हे शेवटचं नीट विचारा बरं का, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कारण आपल्याकडे अशा मृत्यूला वेगळीच कारणं चिकटवलेली असतात. "झोपेतच गेला", "त्याला फिट यायच्या", "चांगला पोहणारा होता पण विहिरीत बुडाला". हृदयाच्या वायरिंगचे काही आजार घराण्यात चालतात, त्यातला एक पोहताना उसळतो आणि त्याचा झटका बघणाऱ्याला मिरगीसारखाच दिसतो. म्हणून अशी गोष्ट घरात असेल तर ती डॉक्टरला सांगायचीच, त्यांनी विचारलं नाही तरी.

आणखी एक, पळत असताना शुद्ध जाणं आणि पळून झाल्यावर उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी बऱ्याचदा एकदम थांबल्यामुळे होते, रक्त पायातच साठून राहतं. पहिलीला मात्र मी कधीच साधी समजत नाही, पोट्टा कितीही म्हणाला की सर मी ठीक आहे तरी.

नाडी धरायला शिका, बाकी सगळं त्याच्यानंतर

अंगठ्याच्या खाली मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा, तर्जनी आणि मधलं. स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, त्याचीच नाडी लागते आणि घोळ होतो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. ठोके सरळ एकसारखे असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा, वाकडे-तिकडे असतील तर पूर्ण ६० सेकंद मोजा. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मोजली तर ती तुमची खरी आरामाची नाडी. मोठ्या माणसाची साधारण ६० ते १०० असते, रोज पळणाऱ्या पोरांची ५० च्या खालीही जाते आणि चक्कर-थकवा नसेल तर त्यात घाबरायचं काही नाही.

आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजेरीवाल्याचा एखादा ठोका चुकतो पण तो लगेच लय पकडतो, तसे जास्तीचे ठोके असतात: टक-टक-टक, मध्येच एक लवकर, मग छोटी शांतता, मग एक जोरात धप्प, आणि परत सरळ. ती शांतता म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, तेवढ्या वेळात हृदय जास्त भरतं म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो. आणि दहा जणांनी दहा खंजेऱ्या आपापल्या मनाने बडवल्या, लय कुठे लागतच नाही, ते एट्रियल फिब्रिलेशन. हा प्रकार वेगळा, यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन डोक्यात जाऊ शकते, लकवा मारू शकतो, म्हणून तो शोधावाच लागतो. तिसरा प्रकार म्हणजे बटन दाबल्यासारखं एकदम सुरू, नाडी १५०-२०० पर्यंत, पण ताल एकसारखा, आणि तसंच एकदम बंद. त्याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात.

कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर घरोघरी पडून आहे, त्यावर नाडीचा आकडा येतो, पण चालताना लावू नका, हात हलला की ते काहीही दाखवते. आणि जास्तीचे ठोके असतील तर बसल्या जागीही फसवते, कारण लवकर आलेला ठोका कमजोर असतो, मनगटापर्यंत पोचतच नाही. हृदय ७६ ठोके देत असतं आणि मशीन ३८ दाखवते, मग घरात रडारड सुरू. मनगटाच्या घड्याळाचंही तेच, पळताना ते कधीकधी पावलंच मोजत बसते. बीपीच्या मशीनवर ठोक्यांच्या गडबडीचं चिन्ह आलं तर ते ईसीजी करायचं कारण समजा, निदान नाही.

कधी होते ते पकडा

एक साधी वही करा. तारीख, वेळ, काय करत होतो, एकदम सुरू झालं की हळूहळू, नाडी किती आणि ताल कसा, किती वेळ चाललं, कसं थांबलं, त्याआधी काय खाल्लं-प्यालं-चघळलं, झोप किती झाली. एवढंच. डॉक्टरसमोर आपल्याला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात "धडधड होऊन रायली" एवढं सांगण्यापेक्षा ही वही पुढे करणं कितीतरी चांगलं.

वहीत सगळ्यात कामाची ओळ म्हणजे व्यायामाच्या कुठल्या टप्प्यावर झालं. बसलेलं असताना जास्तीचे ठोके येतात आणि चालायला लागलं की गायब होतात, असं असेल आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला असेल तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं. थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत येतात, हेही पुष्कळ लोकांना होतं, तरी सांगून ठेवा. पण जसजसा वेग वाढतो तसतसे ठोके वाढत जातात, लागोपाठ यायला लागतात, तर तो माणूस आधी डॉक्टरकडे, मग ग्राउंडवर.

तपासणी कुठे, कोणती

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा, लाजू नका. तिथे ईसीजी नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतो. ईसीजीची खरी किंमत धडधड चालू असतानाच असते. बंद झाल्यावर काढलेला नॉर्मल येतो आणि मग तुम्हाला "टेन्शन घेऊ नका" सांगून परत पाठवतात, तिथे नाराज होऊन सोडून देऊ नका. धडधड चालू असताना जवळ दवाखाना असेल तर सरळ जाऊन म्हणायचं, आत्ता चालू आहे, आत्ताच पट्टी काढा. पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ईसीजीचा कागद काही महिन्यांत पांढरा पडतो.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, शुगर, पोटॅशियम. आपल्या भागात याच्यात सिकलसेलची (घराण्यात चालणारा रक्ताचा आजार) तपासणी धरायचीच, विशेष करून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळकडच्या लोकांनी, आणि भरतीच्या पोरा-पोरींनी तर नक्कीच. रक्त कमी असलं की हृदय जोरात पळते आणि लोक त्यालाच हार्टचा आजार समजतात, पुष्कळ बायांची धडधड लोहाच्या गोळ्यांनी आटोक्यात येते. आणि सिकलसेलचा फक्त वाहक असलेला माणूस एरवी एकदम ठणठणीत असतो, पण उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून पळाला तर कोसळू शकतो. वाहकाने व्यायाम सोडायचा नाही, फक्त उन्हातली जिद्द सोडायची, मध्ये-मध्ये थांबायचं आणि पाणी प्यायचं.

पुढची पायरी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. लहानपणी घसा दुखून ताप आणि मग सांधे सुजले होते अशी हकीकत असेल तर ती इथे सांगा, त्या तापाने झडप आवळते आणि पुढे तरुण वयातच फिब्रिलेशन होऊ शकते. गरज पडली तर टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी, यात थांबल्यानंतरची काही मिनिटंही बघतात. आणि होल्टर, छातीला चिकटवलेलं छोटं मशीन जे २४ तास किंवा जास्त रेकॉर्ड करते. होल्टर लावलेल्या दिवशी खाटेवर पडून राहू नका बाप्पा! ज्या चालण्याने त्रास होतो तेच चाला (डॉक्टरने मनाई केली नसेल तर), नाहीतर मशीन काय तुमची झोप रेकॉर्ड करणार.

यासाठी नागपूरचं मेडिकल आणि सुपर स्पेशालिटी, सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघे, यवतमाळ-अकोल्याचं मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल ते. हार्टची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघा, एसटीचा एक दिवस वाया जात नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाचे पुष्कळ उपचार बसतात आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारलं की तुमचं काय बसते ते कळते.

घरातून निघण्याआधी

खर्रा. हे सगळ्यात आधी. तंबाखूतलं निकोटीन आणि सुपारी दोन्ही हृदय पळवतात, आणि आपल्याकडे सकाळी फिरायला निघालेल्या माणसाच्या गालात आधीच एक पुडी दाबलेली असते. पूर्ण सुटत नसेल तर निदान उठल्यापासून व्यायाम होईपर्यंत नको, एवढं तर होईल ना. हे करून वहीत बघा, काही लोकांची अर्धी धडधड इथेच संपते. सोडायचा असेल तर सरकारी दवाखान्यात तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळते.

मग औषधं. दम्याचा पंप, दम्यासाठी देतात ती डेरिफायलीन, सर्दीच्या गोळ्या, थायरॉईडची जास्त झालेली गोळी, या सगळ्यांनी धडधड वाढू शकते. गावात कोणी सुई मारून दिली असेल तर नाव लिहून मागा. भरतीवाल्यांचा वेगळा प्रकार आहे, एनर्जी ड्रिंकचा डबा, प्रि-वर्कआउट पावडर, आणि ट्रायलच्या दिवशी कोणीतरी दिलेलं "दम वाढवायचं" इंजेक्शन. १६०० मीटरमध्ये चार सेकंद वाचवायला हे घेऊ नका, ज्याला आधीच ठोक्यांचा त्रास आहे त्याने तर हातही लावू नये.

रात्रीची दारू, मोहाची असो की दुकानातली, दुसऱ्या दिवशी फिब्रिलेशन उठवू शकते, म्हणून लग्नाच्या किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पळायला जाऊ नका. जुलाब झाले असतील, निर्जळी उपास असेल, ताप असेल तरी नाही. पोटभर जेवून किंवा तर्री-पोहे हाणून लगेच चालू नका, दोन तास जाऊ द्या.

पाणी निघण्याआधी प्या. तासभरापेक्षा जास्त घाम गाळणार असाल तर ओआरएस, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट नाही. केळं, संत्रं खा, चांगलंच आहे. फक्त बीपी किंवा किडनीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी नारळपाणी आणि कमी सोडियमवालं मीठ डॉक्टरला विचारून घ्या, काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेलं असते आणि जास्त झालेलं पोटॅशियमही ठोके बिघडवते.

वेळ, जागा, सोबत

मार्चच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे दुपारी पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत सगळं आटपा. संध्याकाळी सूर्य गेला तरी डांबर तापलेलंच असते. अंग तापलं की त्याच वेगाला नाडी जास्त पळते, म्हणून मे महिन्यात जानेवारीचा वेग धरायचा नाही. थंडीत उलटं, पहाटे पाचला कुडकुडत निघण्यापेक्षा ऊन येऊ द्या.

पण ताडोबाच्या बफरमधल्या, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या गावांना पहाटे निघा सांगणं म्हणजे वाघाच्या ताटात जा सांगणं. तिथल्यांनी उजाडल्यावर शाळेच्या ग्राउंडवर किंवा गावाच्या आतच फेऱ्या मारा, उन्हाळ्यात घरात जागेवरच पावलं टाका, चालते.

फवारणीच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर, कपाशीच्या वावराच्या धुऱ्याने फिरू नका. २०१७ ला यवतमाळात फवारणीने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ती औषधं हृदयाचा तालही बिघडवतात. फवारताना किंवा नंतर धडधड होऊन तोंडाला लाळ, खूप घाम, डोळ्यापुढे धुसर असं झालं तर तो व्यायामाचा विषय नाही, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा, औषधाचा डबा सोबत घेऊन.

एकट्याने जायचं नाही, निदान पहिले काही महिने. खिशात चार्ज केलेला फोन, आणि एका चिठ्ठीवर नाव, आजार, चालू गोळ्या, घरचा नंबर.

सुरुवात कशी करायची

डॉक्टरने हो म्हटल्यावर. पहिली दहा मिनिटं रमतगमत, वेग हळूहळू वाढवत. मग असा वेग की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी. ते २२० मधून वय वजा करायचं गणित सगळीकडे फिरते, पण मेटोप्रोलोल, एटेनोलोलसारख्या बीटा ब्लॉकर (नाडी कमी करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर नाडी तेवढी चढतच नाही आणि फिब्रिलेशनमध्ये तर मोजताच येत नाही, म्हणून बोलण्याची परीक्षाच बरी. शेवटी परत दहा मिनिटं हळू. एकदम थांबून पारावर बसायचं नाही.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा, आधी वेळ, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. शेतातलं कामही यात मोजा, दिवसभर निंदण किंवा पोती उचलणं झालं असेल तर संध्याकाळचं चालणं वेगळं करायची गरज नाही.

रस्त्यातच सुरू झाली तर

वेग कमी करा, मग थांबा, सावलीत बसा. चक्कर असेल तर सरळ आडवे व्हा, पाय थोडे वर, इज्जत-बिज्जत नंतर. नाडी धरा, ताल बघा, वेळ बघा. दोन-चार घोट पाणी. एक-दोन ठोके चुकून सरळ झालं तर हळूहळू घरी या, त्या दिवसापुरतं बास, वहीत लिहा.

ज्यांना एसव्हीटी आहे असं ईसीजीवर कळलेलं आहे आणि डॉक्टरने शिकवलेलं आहे त्यांच्यासाठी एक उपाय आहे: अर्धवट बसून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, लगेच पाठीवर झोपायचं आणि सोबतच्याने पाय ४५ अंशात १५ सेकंद उचलून धरायचे. निदान झालेलं नसताना करू नका, आणि मानेची नस चोळायचा जो प्रकार कोणी सांगतात तो तर घरी अजिबात नाही.

दहा-पंधरा मिनिटं बसूनही नाडी १२० च्या वर पळत असेल, किंवा कितीही वेळ झाला असला तरी छातीत दुखणं, दम, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं यापैकी काही झालं तर १०८. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही आणि दोघांच्या मध्ये बसवूनही नेऊ नका, वाटेत शुद्ध गेली तर सगळेच पडतात.

१०८ वाल्याला फक्त गावाचं नाव सांगू नका. पिंपळगाव, सावरगाव, वडगाव आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. गाव, तालुका, जिल्हा, जवळचा फाटा, आणि "छातीत धडधड, शुद्ध गेली" असं स्पष्ट, म्हणजे शॉक द्यायचं मशीन असलेली गाडी पाठवता येते का ते तिकडून बघतात. कुठे रेंज येते ती जागा आधीच माहीत पाहिजे, आमच्याकडे नाल्याच्या पुलावर येते, खालच्या वावरात नाही.

सोबतच्याला हे आधीच शिकवून ठेवा: माणूस पडला, हलवून-हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही किंवा फक्त आचके देतो, तर फोन करून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांच्या तळव्यांनी दाबायचं, ५-६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत, थकलं की दुसऱ्याने. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, जोडा नाकाला लावणं, यात वेळ जातो आणि माणूसही.

गोळ्या चालू झाल्यावर

बीटा ब्लॉकर गोळी बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, उलटी उसळी येते. संपायच्या चार दिवस आधी आणा. रक्त पातळ करायची गोळी असेल, विशेषतः वॉरफरिन किंवा एसिट्रॉम, तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते बघायची रक्ततपासणी) वेळेवर, बहुतेकांना तो २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. पालक, मेथी, चवळीची भाजी खाऊ नका असं नाही, पण एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असं करू नका. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा कॉम्बिफ्लाम उचलायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो. अशा माणसाने कबड्डी-कुस्तीऐवजी चालणं धरावं, आणि विळा-कुऱ्हाडीचं काम करताना जखम झाली तर कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून ठेवावं. डोक्यावर पडला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात जायचं.

लहानपणच्या त्या सांध्याच्या तापाने झडप खराब असेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन साधारण दर २१ दिवसांनी लागते. कापूस वेचणीच्या गडबडीत नेमकं तेच चुकते, म्हणून तारखा कॅलेंडरवर वर्षभराच्या आधीच गोल करून ठेवा आणि आशाताईंनाही सांगून ठेवा.